माझा बाप, ख्रिस्ती महार

बाप जाऊन पंधरा वर्षं झाली. त्याच्या थडग्यावर जात नाही. सरकारी कागदावरही नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली; १९५६ला शीख आत आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव मात्र असल्या आदेशांना विचारत नव्हतं. पाणवठ्यावर बाप महारच.

रविवारी चर्चची घंटा वाजवायची, सहा दिवस दुसऱ्याच्या रानात खपायचं. तोंडावर शाबासकी कधी दिली नाही. (आपल्याकडचे बाप देतच नाहीत.) मी चळवळीत पडलो तेव्हा मंडळीतले कुजबुजले, पोरगं देव सोडणार. बाप म्हणला, "मानसं धरतंय ना? मंग धरू द्या."

१९९०ला केंद्रानं बौद्धांना हक्क दिला, त्या रात्री मी घरात गप्प पडून. आपण राहिलो, हे डोक्यातून जाईना. बाप म्हणला, "तुझ्या दोस्तांना मिळालं ना? मंग तोंड काय पाडतो? जा, पेढे घिऊन जा त्यांच्याकडं." आणि कनवटीची मजुरी माझ्या हातावर ठेवली. दोस्तांनो, ते पेढे तुमच्यातल्या काहींच्या बापांनी खाल्लेत.

पुढं तालुक्याच्या सभेत मी या आदेशावर बोललो. बाप न सांगता आलेला. सतरंजीच्या कडेला, पार मागं. सभा सुटली तसा अनोळखी माणसांना धरून विचारत होता, "कसं काय बोललं ओ ते पोरगं?" कुणाचं पोरगं, ते सांगत नव्हता. तिघांना तरी विचारलं त्यानं.