खरखरीत लोकर

लोकर म्हटली कीं आम्हां सुशिक्षितांचा हात आधीं गालाकडे जातो. दुकानांतला गुंडा उचलावा, गालावर फिरवून पाहावा आणि मऊ लागला तर घ्यावा, असा घरोघरचा शिरस्ता आहे. या परीक्षेंत परदेशची मेरिनो मेंढी नेहमीं पहिली येते आणि आमच्या बीड जिल्ह्यांतली काळी दख्खनी मेंढी नापास होते.

सारें आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेल्यामुळें मला वाटतें, आधीं प्रश्नपत्रिका कुणी काढली तें पाहावें. मेरिनोचा तंतु सुमारें २० मायक्रॉन जाडीचा. दख्खनीचा त्याहून पुष्कळ जाड व केसाळ. अंगालगतच्या कपड्याला तो बोचतो, हें खरेंच. परंतु पाटोदा-आष्टीकडच्या माळावर कळपामागें उभ्या असलेल्या धनगराला गालाचें काय कौतुक? वरचा पाऊस चटकन् आंत उतरूं नये, खालचा खडा रुतूं नये आणि वस्त्र वर्षानुवर्षें टिकावें, एवढेंच त्याला हवें असतें. या प्रश्नपत्रिकेंत दख्खनी मेंढीचा पहिला नंबर कुणी हिरावून घेणार नाहीं.

तिच्या लोकरींतहि निवड असतेच. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. तें सर्वांत मऊ, म्हणून त्याची घोंगडी महाग. मोठ्या मेंढरांची लोकर वर्षांतून दोनदां कातरतात. ती पिंजून धनगरणी सूत काढतात, सनगर तें मागावर विणतो आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडीला ताठपणा आणतो.

आज मात्र पुष्कळ ठिकाणीं कातरणाऱ्याची मजुरीहि लोकरीच्या किंमतींतून सुटत नाहीं. कातरलेली लोकर माळावरच टाकून देतात. मेंढपाळ मांसासाठीं माडग्याळसारख्या थोराड, तुरळक लोकरीच्या मेंढ्यांकडे वळूं लागले आहेत. त्यांना दोष कसा द्यावा? घोंगडीला गिऱ्हाईक नसेल, तर लोकरीची मेंढी त्यांनीं कुणासाठीं पाळावी?

मीं दख्खनी सूत घरीं आणलें, तेव्हां पत्नी म्हणाली, “याचा स्वेटर घालून तुम्ही वर्गांत उभे राहा, म्हणजे तास वेळेवर संपेल!” परंतु त्याच सुताचें तिनें जाड सुयांवर एक आसन विणलें. थंडींत फरशीवर तें अंथरून बसलें कीं गारवा वर येत नाहीं. शेजारच्या दोघीजणींनीं सूत कुठें मिळतें म्हणून विचारलें. या लोकरीचें भिजत घोंगडें सरकारनें वाळवावें, अशी वाट आपण पुष्कळ पाहिली. तोंवर दोन आसनें तरी विणून होतील.