डोंगराच्या आडून

मसुऱ्याच्या भरतगडावर उभे राहिले की गड नदी वळत वळत कालावलच्या खाडीकडे जाताना दिसते. पलीकडे बांदिवड्याचा भगवंतगड. दोन गडांच्या मधे पाणी, काठाने माड, माडांमागे भाताचे कुणगे, आणि त्यांच्यावर तांबूस कातळाचे सडे. हवा स्वच्छ असली तर पूर्वेला सह्याद्रीची निळी कड. हे गड ज्यांनी बांधले त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: खाडीतून येणारा माणूस वळणामागे असेपर्यंत दिसत नाही. म्हणून वळणाच्या वर पहारा बसवायचा. 1818 साली दोन्ही गड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पहारे उठले, वळणे तशीच राहिली.

4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिन मालवणात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. मोठा नाविक तळ नसलेल्या ठिकाणी हा सोहळा पहिल्यांदाच होत होता. 20 युद्धनौका आणि 40 विमाने येणार म्हणून सगळा तालुका रस्त्यावर आला होता. पण मला त्या सोहळ्यापेक्षा त्याआधीचे सरावाचे दिवस जास्त आठवतात. एका सकाळी मी मसुऱ्यात, आमच्या खळ्यात उभी होते. आधी कावळे उठले. मग माडांच्या शेंड्यांवरून राखाडी रंगाचे काहीतरी सरकले, आणि ते विमान होते हे कळेपर्यंत पलीकडच्या सड्याआड गेलेसुद्धा. त्यानंतर आवाज आला. कौले थरथरली, गोठ्यात म्हशीने दावे ताणले. शेजारचे काका आभाळाकडे बघत म्हणाले, "इमान गेला आणि आवाज हयच रवलो!"

काका बरोबर बोलले होते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, आणि ताशी 900 किलोमीटरने येणारे जेट सेकंदाला 250 मीटर. विमान एक किलोमीटरवर असताना निघालेला आवाज तीन सेकंदांनी आपल्या कानाशी पोचतो. तेवढ्यात विमान पाव किलोमीटरवर आलेले असते. मधे डोंगराचा सोंडा असला तर तेवढीही सूचना मिळत नाही. उंचावरून जाणारे विमान आपण आधी ऐकतो आणि मग आभाळात शोधतो. हे विमान शोधायला वेळच देत नाही.

इतक्या खालून उडायचे कशासाठी? रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. किनाऱ्यावर 10 मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला 10,000 मीटरवरचे विमान चारशे किलोमीटरवरूनही दिसू शकते, पण 60 मीटरवरून येणारे दिसते ते साधारण 45 किलोमीटरवर आल्यावर. जेटच्या वेगाने ते अंतर तीन मिनिटांचे. त्यात डोंगर असले तर डोंगराची सावली धरून, दरीच्या पोटातून, शेवटच्या वळणापर्यंत अदृश्य राहता येते. सह्याद्रीतल्या मावळ्याला हे कोणी शिकवावे लागले नव्हते. वैमानिकाला मात्र शिकावे लागते, आणि ते कागदावर शिकता येत नाही. पुढची कड डोळ्यांत भरायच्या आत वळायचे, कड ओलांडली की पुन्हा जमिनीला बिलगायचे, आणि प्रत्येक निर्णयासाठी हातात असतात एकदोन सेकंद. बावीस-पंचवीस वर्षांची मुले हे करतात. आमच्या वाडीतल्या त्या वयाच्या मुलांकडे पाहिले की मला त्याचे फार वाटते.

गोव्यातले दाभोळी इथून काही लांब नाही. मालवणपासून सरळ रेषेत पंचाऐंशी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जेटला सहा मिनिटे. तिथल्या 'आयएनएस हंसा' तळावर सी हॅरियर विमाने 2016 पर्यंत होती. आता मिग-29के आहेत. या किनाऱ्याला खालच्या उड्डाणाची जुनी आठवणही आहे. गोवामुक्तीच्या कारवाईत, 18 डिसेंबर 1961 रोजी, पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्याच रात्री अडकलेली दोन पोर्तुगीज विमाने त्या फुटक्या धावपट्टीवरून उठली आणि काळोखातून, अगदी कमी उंचीवरून, भारतीय गस्त चुकवून कराचीला पोचली. विद्या तीच, ती कुणाच्याही कामी येते.

खाली उतरले की जमिनीचे सगळे धोके विमानाला लागतात. 16 नोव्हेंबर 2019 रोजी दाभोळीहून सरावाला निघालेल्या मिग-29केला पक्ष्यांचा थवा धडकला. एक इंजिन बंद पडले, दुसऱ्याने पेट घेतला. दोघा वैमानिकांनी विमानाचे तोंड वस्तीपासून मोकळ्या पठाराकडे वळवले आणि मगच ते बाहेर पडले. कुणाला इजा झाली नाही. आमच्या खाडीवर समुद्री गरुड घिरट्या घालतो, ककणेर जोडीने दरी ओलांडते, मासळी सुकवायला टाकली की घारी जमतात. त्या सगळ्यांचे आभाळ तेच आहे.

आणि खाली माणसे आहेत. वेल्समध्ये मॅक लूप नावाच्या दऱ्यांत ब्रिटिश हवाई दलाची जेट 250 फुटांपर्यंत खाली येतात आणि डोंगरउतारावर बसलेल्या हौशी लोकांना विमान आपल्या पायांखालून जाताना दिसते. तिथे तो आनंद आहे. कॅनडातल्या लॅब्राडॉरमध्ये तो नव्हता: गूझ बे तळावरून होणाऱ्या 'नाटो' देशांच्या खालच्या उड्डाणांना कंटाळून तिथले इनू आदिवासी 1988 साली धावपट्टीवर जाऊन बसले. ज्या रानात ते शिकार करत होते ते नकाशावर रिकामे दाखवले जात होते. इटलीत कावालेझे गावाजवळ 3 फेब्रुवारी 1998 रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान परवानगीपेक्षा कितीतरी खालून दरीत शिरले. रोपवेची तार तुटली आणि पाळण्यातली 20 माणसे मेली.

दहा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाचा मसुऱ्याशी काही संबंध नसतो. साठ मीटरवरून जाणारे विमान मात्र आमच्या डोंगराचा आडोसा घेते. आडोसा घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे नाते असते, असे मी मानते. त्या मुलांनी हे शिकलेच पाहिजे, आणि आमच्या दरीत शिकले तर मला अभिमानच आहे. आमच्या बाजूने एवढे करता येईल: मासळीची घाण आणि कचरा उघड्यावर टाकून घारींचे थवे वाढवायचे नाहीत, विमानतळाच्या परिसरात तर मुळीच नाही. नौदलाला आणि हवाई दलाला विनंती एवढीच: खालून उडायचे असेल तेव्हा वाटेवरच्या ग्रामपंचायतींना आदल्या दिवशी कळवा. म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि गाभण गुरे यांना सांभाळायला आम्हाला एक रात्र पुरते.