शेऱ्याचा रकाना

दुसऱ्यांच्या हद्दी मोजण्यात ज्याची उमेदीची तीस वर्षे खर्ची पडली, त्याने पेन्शनीत आल्यावर आपलीच पावले मोजून घेण्याच्या नादी लागावे, यात थोडा दैवी न्याय आहे, असे आमच्या वटार गावातील मंडळींचे मत होते. आणि त्या मतावर अपील करावे असा पुरावा माझ्याजवळ नव्हता. भूमी अभिलेख खात्यात मी भूकरमापक होतो. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी पहाटे धावण्याची आज्ञा केली आणि त्याच हिवाळ्यात अमेरिकेतील भाचा एक बुटांचा जोड घेऊन आला. तो म्हणाला, “मामा, आता तुमचीच मोजणी!”

नायके आणि ॲपल या दोन कंपन्यांनी २००६ साली मिळून धाव मोजणारी ही चीज बाजारात आणली होती आणि बूट व गाणी ऐकवणारा आयपॉड सोडून तिची किंमत तेव्हा २९ डॉलर होती. डाव्या बुटाच्या आतल्या गादीखाली एक खळगा. त्यात लंबगोल पांढरी चकती बसवायची. दोन बोटे रुंदीच्या आयपॉड नॅनोच्या बुडाशी एक चिमुकला संदेशग्राहक खोचायचा आणि कानांत बोंडे घालून चालू लागायचे. पाऊल भूमीवर टेकून किती काळ राहते, याची खबर ती चकती बिनतारी मार्गाने वर कळवते, आणि पाऊल जितका थोडा काळ टेकले तितका वेग अधिक, या ठोकताळ्यावर अंतराचा हिशेब होतो. गाणे चालू असताना मधले बटण दाबले, की एक बाई इंग्रजीत वेळ, अंतर आणि गती यांचा दाखला देते.

परंतु यंत्रास प्रत्येकाचे पाऊल आधी शिकवावे लागते. माहीत असलेले, निदान ४०० मीटरचे अंतर धावून दाखवावे आणि त्याबरहुकूम त्याने आपला हिशेब दुरुस्त करावा, अशी तजवीज त्यात होती. ही अट वाचून मला गहिवरच आला, कारण मोजण्यापूर्वी माप तपासावे हा आमच्या खात्याचा पहिला धडा. वडिलांच्या वेळची ३३ फुटी लोखंडी साखळी मी माळ्यावरून काढली. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एक एकर, हे कोष्टक ज्याच्या अंगात मुरलेले आहे त्याला ४० साखळ्या म्हणजे पाव मैल हे सांगावे लागत नाही. त्यातून साडेसात फूट आणि वर दोन बोटे वजा केली की ४०० मीटर होतात. शेजाऱ्याच्या हाती एक कडी देऊन मी वाडीलगतच्या रस्त्यावर साखळी टाकू लागलो. दहाव्या साखळीला बघे जमले, विसाव्या साखळीला रस्ता रुंद होणार अशी बातमी फुटली, आणि पस्तिसाव्या साखळीला एक वृद्ध बागाईतदार सातबारा हाती घेऊन हजर झाले. “भाऊ, माझी किती जाते?” असे त्यांनी कापऱ्या आवाजात विचारले. मी बूट काढून त्यांना चकती दाखवली. ती निरखून ते म्हणाले, “म्हणजे सरकार नाही, तुम्ही स्वतःच?” आणि बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तळ्याच्या, काठाने, केळींच्या सावलीतून, सुटल्यासारखे परत गेले.

पहाटेच्या त्या रस्त्यावर धावणाऱ्याला सबब लागते. आमच्याकडे त्या वेळी जो घाईने जातो, तो फुलांची करंडी किंवा भाजीचा भारा घेऊन दादरची गाडी गाठण्यासाठी. रिकाम्या हातांनी आणि बंद कानांनी पळणारा मी त्यांना कसा दिसत असेन, याची कल्पना करून पहिला आठवडा मी मान खाली घालूनच काढला. संगीताची निवडही चुकली होती. विलंबित ख्याल सुरू झाला की पाय समेची वाट पाहू लागत. अखेर पंडित भीमसेन जोशींचे अभंग भरले तेव्हा कोठे टाळाने पावलाला धरले.

खरा पेच उभा राहिला तो जवळच्या राजोडीच्या किनाऱ्यावर. सुरूच्या एका खुंटापासून पालथ्या पडलेल्या होडीपर्यंतचे अंतर मी साखळीने शंभर भरवले होते, म्हणजे एक किलोमीटर आणि वर सहा मीटर. ओहोटीच्या ओल्या, कणखर वाळूवर बाईचा आकडा माझ्या साखळीशी तंतोतंत जुळे. पण भरतीच्या दिवशी वरच्या भुसभुशीत वाळूतून, पोटऱ्या भरून येईपर्यंत, तेच अंतर कापले की ती ते नऊशे मीटरच सांगे. जेथे श्रम अधिक तेथे मजुरी कमी! प्रथम राग आला. मग ध्यानात आले की यंत्र आपल्या नियमाने इमानेइतबारे वागत होते. रुतलेले पाऊल अधिक काळ टेकते, म्हणून धावणारा मंद, एवढेच त्याला कळत होते. वाळू त्याच्या कोष्टकातच नव्हती.

आणि हा न्याय मला नवा थोडाच होता? डोंगरउतारावर साखळी आम्ही जमिनीलगत कधीच टाकली नाही. ती आडवी, ताणून धरायची आणि क्षेत्र सपाटीचेच लिहायचे. चढण चढून नांगरणाऱ्याची जमीन त्याच्या पायांना जेवढी लागे, त्याहून आमच्या दप्तरी ती नेहमीच थोडी भरे. “साहेब, एवढी कमी कशी?” असे विचारणाऱ्या किती जणांना मी नियम ऐकवला होता, आणि तो बरोबरही होता, पण त्यांच्या पोटऱ्यांची चौकशी केल्याचे मला स्मरत नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी एक कोरी वही आखली. दिनांक, वेळ, अंतर, आणि शेवटी सातबाऱ्यावर असतो तसा शेऱ्याचा रकाना. बाईने सांगितलेला आकडा खाडाखोड न करता तिसऱ्या रकान्यात उतरवला आणि चौथ्यात लिहिले : ‘वाळू मऊ होती.’