धाकटा प्रोब

सोनोग्राफीच्या मशीनला एका बाजूला खाचा असतात आणि त्यांत प्रोब उभे करून ठेवलेले असतात. बाकदार, रुंद तोंडाचा तो पोटाचा कॉन्व्हेक्स, घरातला थोरला. लांब दांडीचा तो आतल्या तपासणीचा. आणि सपाट तोंडाचा, मुठीत सहज मावणारा तो लिनियर. मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो हा धाकटा.

तोंडावर करडं मऊ रबर, एका कडेला अंगठ्याला जाणवेल एवढा उंचवटा, पाठीमागून निघालेली जाड केबल. रबराच्या आत स्फटिकांची एक रांग असते, बहुतेक प्रोबांत 128 किंवा 192. विजेचा झटका दिला की हे स्फटिक थरथरतात आणि माणसाच्या कानाला कधीच ऐकू येणार नाही असा आवाज अंगात पाठवतात. परत आलेला प्रतिध्वनी त्यांच्यावर आदळला की त्याची पुन्हा वीज होते. तोंड आणि कान एकच. दाबाने वीज निर्माण करणारा स्फटिकांचा हा गुण जाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवला. त्या गुणावर आज मिरजेच्या दवाखान्यांच्या गल्लीत दिवसभर काम चालतं.

लिनियरची नजर तीक्ष्ण, पण आखूड. त्याची कंपनसंख्या जास्त असल्यामुळे कातडीखालचे चार-पाच सेंटिमीटर तो असे दाखवतो की शिरेतली झडप उघडताना-मिटताना दिसते. त्याच्या पलीकडे मात्र सगळं धूसर होत जातं. खोल पाहायचं काम थोरल्याचं. मान, दंड, मनगट, जांघ, गुडघ्यामागची खोबण आणि पोटरी हा धाकट्याचा मुलूख. मानेतून मेंदूकडे जाणारी रोहिणी, पायातली तुंबलेली नीला, डायलिसिससाठी जोडलेली हातातली शीर, सगळं त्याच मुलखात येतं.

स्वभावाने तो हळवा आहे. हातातून एकदा फरशीवर पडला तर आतले काही स्फटिक कायमचे गप्प होतात आणि पुढे प्रत्येक चित्रात वरून खाली एक काळा पट्टा दिसत राहतो. दुरुस्ती महाग, नवा घ्यायचा तर लाखांत खर्च. म्हणून प्रोब हातात देण्याआधी नव्या शिकणाऱ्याला केबल दाखवतात. ती गळ्यात किंवा खांद्यावर घ्यायची, गाडीच्या चाकाखाली येऊ द्यायची नाही. पुसताना स्पिरिट सरसकट वापरायचं नाही, रबर तडकतं. मऊ कापड आणि कंपनीने सांगितलेलं द्रावण, एवढंच.

आणि हात हलका हवा. पोटावर थोरला फिरवून सवय झालेला शिकाऊ डॉक्टर धाकट्यालाही तसाच जोरात दाबतो, आणि शीर पडद्यावरून नाहीशी होते. ती कुठे गेलेली नसते. नीलेची भिंत पातळ आणि आतला दाब कमी असल्यामुळे ती प्रोबच्या वजनानेच मिटते. मग करंगळी रोग्याच्या अंगावर टेकवून प्रोबचं वजन स्वतःच्या हातावर तोलायचं, प्रोब आणि कातडीमध्ये जेलचा थर राहू द्यायचा, हे शिकावं लागतं. जेल नसेल तर मधल्या हवेत आवाज अडतो आणि पडदा काळाच राहतो.

गंमत अशी की शीर मिटणं हीच एक परीक्षासुद्धा आहे. जांघेपासून खाली सरकत थोड्या थोड्या अंतरावर मुद्दाम दाबायचं. नीला मिटली की आत गुठळी नाही. शेजारची रोहिणी तशीच गोल राहून ठोके देत असते. दाबूनही नीला मिटली नाही, तिथे रक्त गोठलं आहे. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर बोटाच्या एका दाबावर मिळतं. सगळ्या रेडिऑलॉजीत इतकी साधी आणि इतकी मोलाची दुसरी तपासणी मला माहीत नाही.

लिनियरचा खरा अवघड भाग म्हणजे कोन. ख्रिश्चन डॉपलर यांनी 1842 मध्ये प्रागमध्ये जोडताऱ्यांच्या रंगाबद्दल जो निबंध वाचला, त्यातला नियम पुढे 1950 च्या दशकात जपानमधल्या ओसाका इथे शिगेओ सातोमुरा यांनी ध्वनिलहरींसह माणसाच्या हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना लावला. आपल्याकडे येणाऱ्या वस्तूवरून परतलेला आवाज चढतो, दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतलेला उतरतो. त्या फरकावरून रक्ताचा वेग काढायचा. पण वाहिनीवर प्रोब काटकोनात धरला तर वाहतं रक्तही थांबल्यासारखं दिसतं, आणि कोन 60 अंशांच्या पुढे गेला की तो मोजण्यातली बारीक चूकसुद्धा वेगाच्या आकड्यात फुगून येते. मानेतल्या रोहिणीत सेकंदाला 125 सेंटिमीटरच्या वर वेग गेला तर वाहिनी निम्म्याहून अधिक अरुंद झाल्याची शंका घ्यायची असते. तो आकडा खरा की कोनामुळे आलेला, यावर रोग्याचं ऑपरेशन ठरू शकतं.

मिरज हे सतार-तंबोऱ्यांचं गाव. तिथे तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर मागेपुढे सरकवत असतात, आणि एका जागी तो आला की सूर एकदम उघडतो. लिनियरचा कोन असाच सापडतो. मनगट केसभर कलतं आणि स्पीकरमधली घरघर जाऊन रोहिणीचा स्वच्छ आवाज येतो. निरोगी पायाच्या रोहिणीत तो तीन टप्प्यांचा असतो. रक्त जोरात पुढे जातं, क्षणभर मागे येतं, पुन्हा थोडं पुढे. वर कुठे अडथळा असेल तर टप्पे पुसले जाऊन एकसुरी, मंद ओढ उरते. नीलेचा आवाज वेगळाच, श्वासाबरोबर चढणारा-उतरणारा. चांगला शिकणारा आधी कानाने तयार होतो, डोळा मागून येतो. पडद्यावरचा लाल म्हणजे रोहिणी आणि निळा म्हणजे नीला, ही तर पहिल्या आठवड्यात सोडावी लागणारी समजूत. लाल-निळा फक्त प्रोबकडे येणं आणि दूर जाणं सांगतात, आणि एक बटण दाबलं की तेही उलटतात.

या धाकट्याकडे येणारी माणसं बहुतेक उभ्याने काम करणारी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल, विट्याच्या यंत्रमागांवरचे कामगार, एसटीचे कंडक्टर, हॉटेलांत भट्टीसमोर उभे राहणारे आचारी. वर्षानुवर्षं उभं राहून पायाच्या झडपा निकामी होतात, रक्त खाली साचतं, शिरा गाठीगाठींनी फुगतात, घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि एक दिवस तिथे न भरणारी जखम होते. साताऱ्याकडून, कराडकडून डायलिसिसचे रोगी येतात. आयुष्यभर विडी ओढलेले लोक येतात, बोटं काळी पडायला लागल्यावर. आणि मधुमेहाचे तर रोजचेच.

हमालमामांची तपासणी झोपवून करत नाहीत. पँट उतरवून त्यांना स्टुलावर उभं करायचं, भार दुसऱ्या पायावर टाकायला सांगायचं. डॉक्टर खाली बसून जांघेत लिनियर धरते आणि टेक्निशियन मुलगी दोन्ही हातांनी पोटरी आवळून सोडते. आवळली की रक्त वर जातं. सोडल्यावर झडप लगेच मिटायला हवी. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ रक्त खाली कोसळत राहिलं तर ती झडप गेली. "जेल गार लागतंय व्हय मामा?" "गार न्हाई, पर लई वेळ हुबं ऱ्हायलो की पाय जड पडत्यात." मुलगी पुन्हा पोटरी सोडते. स्पीकरमधून लांबलेला घोंघाट येतो आणि पडद्याकडे न पाहताच ती म्हणते, "मॅडम, वरचीच गेली." तिचं बरोबर असतं.

पण प्रोब तिच्या हातात नसतो. अमेरिकेत व्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजिस्ट हा स्वतंत्र पेशा आहे. परीक्षा देऊन नोंदणी झालेले हे लोक स्वतः तपासणी करतात आणि डॉक्टर नंतर चित्रं वाचून अहवाल देतात. आपल्याकडे इमेजिंग टेक्नॉलॉजीची पदवी घेतलेली मुलगी एक्स-रे काढते, सीटी चालवते, एमआरआय चालवते. सोनोग्राफीच्या खोलीत मात्र ती रोगी तयार करते, नोंदी ठेवते, पोटरी आवळते. प्रोब धरायचा तो कायद्याने पात्र ठरवलेल्या डॉक्टरने.

त्याला कारण थोरला. एकाच मशीनला तिघेही जोडलेले, एक बटण दाबलं की लिनियर थांबतो आणि कॉन्व्हेक्स सुरू होतो. आणि सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत त्या कॉन्व्हेक्सने गर्भाबद्दल काय दाखवलं, याचा हिशेब जनगणनेत आहे. 2001 मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे सातारा जिल्ह्यात 878 मुली होत्या, सांगलीत 851. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशी' म्हणून वाढलेल्या 285 मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. मार्च 2017 मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळला पिशव्यांत घालून पुरलेले 19 भ्रूण सापडले. मी हे आकडे विसरू शकत नाही आणि या भागात प्रोब धरणाऱ्या कुणीही विसरू नयेत.

कायदाही याच मातीतल्या लढ्यांनी घडवला. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा 1994 मध्ये आला आणि 2003 च्या सुधारणेने कडक झाला. साताऱ्यात ॲड. वर्षा देशपांडे आणि त्यांच्या लेक लाडकी अभियानाने गरोदर बायकांना सोबत घेऊन, स्टिंग ऑपरेशन करून लिंग सांगणारे डॉक्टर पकडून दिले. 2025 चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. एखादी बाई पोटात गर्भ घेऊन अशा खोलीत पुरावा गोळा करायला जाते, याला जे धैर्य लागतं त्यापुढे आमच्या नोंदवह्यांची कटकट काहीच नाही.

म्हणून धाकट्याच्या दारावरही तीच पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. सत्तर वर्षांचे हमालमामा शिरा दाखवायला तिच्याखालून आत येतात. मशीनची नोंदणी, जागा बदलायची तर आधी कळवणं, हे सगळं लिनियरलाही बांधून ठेवतं. गुन्ह्यात त्याचा हात नव्हता, पण घर एकच.

एक तपासणी अशी असते की त्यात दोघे भाऊ समोरासमोर येतात. सातवा-आठवा महिना लागलेली बाई, डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला. गरोदरपणात गुठळी डाव्या पायात जास्त होते, कारण ओटीपोटात डावी नीला उजव्या रोहिणीखालून जाते आणि वाढलेल्या गर्भाशयाचा भार त्यात भर घालतो. सोबत सासू असते. तिची नजर पायावर नसते, पडद्यावर असते. लिनियर जांघेतून गुडघ्यामागे आणि पोटरीपर्यंत उतरतो, जागोजाग दाबतो. खाली सगळ्या नीला मिटतात. पण जांघेतल्या नीलेचा आवाज श्वासाबरोबर चढत-उतरत नाही, सपाट येतो. म्हणजे अडथळा वर, पोटात, जिथे धाकट्याची नजर पोचत नाही. तिथे कॉन्व्हेक्स घ्यावाच लागतो. पडदा भिंतीकडे वळवायचा, सासूबाईंना बाहेर बसवायचं, कागद पुरे करायचे आणि फक्त नीला पाहायची. या खोलीत प्रोब कुणाच्या हातात आहे, याला अर्थ आहे तो इथे.

त्यामुळे या दोन जिल्ह्यांत तरी प्रोबचा नियम सैल करावा, असं मला वाटत नाही. त्याची किंमत मात्र मोजली पाहिजे आणि ती आज रोगी मोजतात. पायाच्या डॉपलरला दोन्ही पायांचा मिळून पाऊण-एक तास जातो. तेवढ्या वेळात पोटाच्या चार-पाच तपासण्या होतात. गर्दीच्या दवाखान्यात डॉपलरची तारीख पुढे जाते, आणि पायात गुठळी असलेल्या माणसाला पुढची तारीख परवडत नाही. 2014 च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचं सोनोग्राफी प्रशिक्षण आणि परीक्षा ठरवली, पण तो अभ्यास पोट आणि ओटीपोटाचा. रक्तवाहिन्या त्यात नाहीत. लिनियर खऱ्या अर्थाने शिकायचा तर एमडीच्या तीन वर्षांतले सलग काही महिने त्याच्यासोबत काढावे लागतात, आणि तिथेही पोटाची रांग सतत बोलावत असते.

माझं मागणं दुहेरी आहे. मेडिसिन आणि सर्जरीच्या निवासी डॉक्टरांना गुठळीची ती दाबून पाहण्याची तपासणी कायद्याच्या चौकटीत राहून रीतसर शिकवावी. ती शिकायला वर्ष लागत नाही आणि रात्री दोन वाजता तीच लागते. आणि पोटरी आवळणाऱ्या त्या मुलीला मदतनीस म्हणून नव्हे, तर या विषयाची विद्यार्थिनी म्हणून शिकवावं: शिरांचा नकाशा, झडपांचं गणित, लहरींचं वाचन, डायलिसिससाठी मनगटातली नीला किमान दोन-अडीच मिलिमीटर का हवी, मार्करने पायावर खुणा करून सर्जनला शिरेचा रस्ता कसा दाखवायचा. यातल्या कशालाही प्रोब हातात धरावा लागत नाही. डायलिसिसची यंत्रं आता जिल्हा रुग्णालयांत आली आहेत, हाताच्या शिरा जोडून घेणारे रोगी वाढत आहेत, आणि जोडलेली शीर सुई टोचण्याजोगी झाली की नाही हे पाहायला प्रत्येकाला काही आठवड्यांनी पुन्हा लिनियरकडेच यावं लागतं.