वावरात चालेल असा पाय

बोरगाव मेघे आणि वर्धा शहर यांच्यातली सीमा आता दाखवता येत नाही. घरांच्या रांगा सलग झाल्या, रस्ते एकमेकांत मिसळले. तरी गाडीनं थोडं पुढं गेलं की अजूनही पऱ्हाटीची आणि सोयाबीनची वावरं लागतात. एकीकडे सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दुसरीकडे सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं महाविद्यालय, आणि तिथंच बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय. डॉक्टर, इंजिनिअर आणि शेतकरी इतके जवळजवळ राहतात अशी ठिकाणं महाराष्ट्रात फार नाहीत.

आमच्या गल्लीतली एक मुलगी मेकॅनिकलमध्ये एम.टेक. झाली आणि आता तिला पुनर्वसन अभियांत्रिकीत पीएचडी करायची आहे. कृत्रिम पाय, कॅलिपर, व्हीलचेअर, कुबड्या, आंधळ्या माणसाची काठी असं सगळं या विषयात येतं. घरच्यांचा प्रश्न रास्त आहे : इतकी वर्षं घालवून पुढं काय? यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात, कमाल सहा. जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये. नाही मिळाली तर घरच्यांच्या जिवावर दिवस काढायचे. तिनं मला विचारलं तेव्हा मी लगेच उत्तर दिलं नाही. त्यानंतर मात्र वर्ध्याच्या आजूबाजूला फिरताना तोच विचार मनात राहिला, आणि हळूहळू वाटायला लागलं की या विषयाचं मूळ पुण्या-मुंबईइतकंच आपल्याही मातीत आहे.

नागपूर रस्त्यावरचं दत्तपूर घ्या. १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी तिथं कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. रोग्याला वेशीबाहेर काढण्याचा तो काळ. त्या वेळी रोगावर खात्रीचं औषधही नव्हतं, होती ती फक्त सेवा. पुढं औषधं आली, रोग बरा होऊ लागला, पण पायाची गेलेली संवेदना परत आली नाही. आणि इथूनच इंजिनिअरचं काम सुरू होतं.

बधिर पाय म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्या चपलेत खडा गेला तर आपण थांबतो, झटकतो, नाहीतर लंगडत चालतो. ज्याच्या तळव्याला काहीच कळत नाही तो त्याच खड्यावरून मैलभर चालतो. बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या टोकांखाली पावलागणिक दाब पडत राहतो, आतून जखम होते, चिघळते, आणि शेवटी हाडापर्यंत जाते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे ओळखलं : बोटं रोगानं झडत नाहीत, वेदना नसल्यामुळे झालेल्या इजांनी जातात. त्यावर उपाय म्हणून एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल आली. आत मऊ, बारीक छिद्रांचं रबर, खाली काटा आत शिरू नये म्हणून कडक तळवा. ती बनवताना खिळा मारायचा नाही, कारण खिळा वर आला तरी घालणाऱ्याला समजणार नाही. मागून पट्टा हवा, कारण चप्पल पायातून निसटली तरी त्याला पत्ता लागत नाही. प्रत्येक बारकाव्यामागं कुणाच्या तरी पायाला झालेली जखम आहे.

तरीही ही चप्पल अनेकांनी घातली नाही. ती वेगळी दिसायची, आणि लोक चपलेवरून माणूस ओळखायला लागले. ज्याला रोग लपवून लेकीचं लग्न जमवायचं होतं, त्यानं ती घरात ठेवली आणि साध्या चपलेत बाहेर पडला. दाबाचं गणित बरोबर होतं, रबर बरोबर होतं. चारचौघांत ती घालून बसता येईल का, हा प्रश्न मात्र उशिरा विचारला गेला. या विषयात पीएचडी करू पाहणाऱ्यानं मन लावून शिकावा असा हा धडा आहे.

याच्या उलट उदाहरण जयपूर फूट या कृत्रिम पायाचं. त्याची हकीकत बहुतेकांना माहीत असते. १९६८च्या सुमाराला डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी तो पाय घडवला. त्या काळचा परदेशी पाय बुटात घालायचा, त्यामुळे अनवाणी चालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे. देवळात जाणाऱ्या, जमिनीवर जेवणाऱ्या, चिखलात उभं राहणाऱ्या माणसाला तो काय कामाचा? रबर, लाकूड आणि स्पंज साच्यात एकत्र भाजून केलेला नवा पाय घोट्यात हवा तसा वळू लागला. सेठी शल्यचिकित्सक होते. शर्मा पिढीजात कारागीर, शाळेचं शिक्षण जेमतेम. रबराला काय सोसतं हे शर्मांच्या हातांना ठाऊक होतं, हाडाला काय सोसतं हे सेठींना. दोघांपैकी एकाच्याही ज्ञानाशिवाय तो पाय उभा राहिला नसता.

वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी १९३४पासून वापरणाऱ्यापासून सुरुवात करण्याचा हाच विचार वेगळ्या वाटेनं मांडला. ते परदेशात शिकून आलेले, पण त्यांचं लक्ष तेलघाणी, चूल, हातकागद यांच्यावर. वापरणाऱ्याच्या हातात अवजार नीट बसतं का, बिघडलं तर गावातच दुरुस्त होतं का, असे प्रश्न त्यांच्या ग्रामोद्योग चळवळीनं धरून ठेवले. व्हीलचेअरला आज हेच प्रश्न विचारायला हवेत.

आता पीएचडीच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते पाहू. माणसाच्या कमरेला, गुडघ्याला, घोट्याला चमकते ठिपके लावतात. भोवतालचे कॅमेरे त्यांची हालचाल टिपतात. जमिनीत बसवलेली पट्टी प्रत्येक पावलाचा भार मोजते. हे सगळं मोलाचं आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या गटानं असल्याच अभ्यासातून बसलेल्याला उभं करणारी व्हीलचेअर आणि २०२२ साली ‘कदम’ हा कृत्रिम गुडघा आणला. आपल्या राज्यातही २०१४पासून आयआयटी मुंबई, पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी ‘बेटिक’ या नावानं वैद्यकीय उपकरणांवर काम करू लागले. नागपूर इथून दीड-दोन तासांवर. म्हणजे वाट बंद नाही.

पण प्रयोगशाळेची फरशी सपाट असते. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुलैत कृत्रिम पायाच्या तळव्याला चिखलाचे गोळे लागतात. वजन सांध्यापासून जितकं लांब, तितकं ते उचलायला जड जातं, आणि हा चिखल नेमका सगळ्यात शेवटच्या टोकाला बसतो. मे महिन्यात कुबडीचं रबरी टोक भेगेत जातं आणि माणूस तोंडावर पडतो. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं तर वावराच्या बांधापर्यंतही पोचत नाहीत. गावातले एक काका मला म्हणाले, “पाय चांगला हाय जी, पण लग्नाकार्याले घालतो. वावरात कुबडीच बरी.” चांगला पाय समारंभापुरता आणि कामाला कुबडी, हे वाक्य कुठल्याही प्रबंधाचा पहिला प्रश्न होऊ शकतं. काळ्या मातीत चालताना कृत्रिम पायाच्या माणसाची किती ताकद खर्च होते, कुबडीचं टोक किती रुंद हवं, हे इथंच मोजता येईल.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे जगात अडीचशे कोटींहून अधिक लोकांना एखाद्या तरी साहाय्यक साधनाची गरज आहे, आणि गरीब देशांत ते फार थोड्यांच्या हाती पोचतं. २०११च्या जनगणनेनं भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले. २०१६च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले. कामाचा तुटवडा नाही. अडचण असते ती नमुना तयार झाला, शोधनिबंध छापून आला, पदवी मिळाली आणि यंत्र कपाटात गेलं, याची.

त्या मुलीला मी आता सांगितलंय : कर. पण विषय ठरवण्याआधी दत्तपूरला जाऊन ये, सावंगीच्या फिजिओथेरपीच्या ओपीडीत बस, वेचणीच्या दिवसांत काकांबरोबर वावरात चाल. गाइड प्राध्यापक असू दे, पण साधन वापरणारा माणूस पहिल्या दिवसापासून कामात असू दे, आणि त्याच्या वेळेचे पैसे त्याला मिळू देत. विद्यापीठांनाही एक मागणं आहे. साधन हाती दिल्यावर वर्षभरानं त्याच घरी जाऊन ते वापरात आहे का, हे पाहण्याचं काम प्रबंधाचाच भाग धरा, आणि त्या वर्षाची फेलोशिप द्या. जे साधन वर्षभरानंतरही वावरात चालतं, त्याच साधनावर या विषयातली डॉक्टरेट द्यावी.