कोवलमची सहल, आजीसह

समुद्र आला की गाडीचे चारही दरवाजे एकदम उघडतात. मुले चपला हातात घेऊन पळत सुटतात, मोठी माणसे त्यांच्या मागे हाका मारत जातात आणि गाडीत उरते ती आजी. कधी गुडघ्यांनी दगा दिलेली, कधी अर्धांगवायूनंतर एका बाजूने अधू झालेली. ''तुम्ही जाऊन या, मी सामानाजवळ बसते,'' असे तीच म्हणते आणि खरे सांगायचे तर ते सगळ्यांना सोयीचेही वाटते. कितीतरी घरांतल्या सहलींच्या फोटोंत आजी नसते, ती यामुळेच.

अलीकडे अशा घरांत बॅटरीवर चालणारे वाहन घेण्याचा विचार होतो आणि लगेच प्रश्न येतो, मोबिलिटी स्कूटर घ्यावी की इलेक्ट्रिक व्हीलचेअर? दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर दोन्ही सारख्याच छान चालतात. फरक कळतो तो कोवलमसारख्या गावी गेल्यावर.

कोणते कोवलम?

केरळातले नव्हे. हॉटेलचे बुकिंग करताना हा गोंधळ हमखास होतो. हे कोवलम तमिळनाडूत, चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, मामल्लपुरमच्या वाटेवर आहे. इंग्रज याला 'कोव्हलाँग' म्हणत. कर्नाटकच्या नवाबाच्या काळात इथे बंदर आणि किल्ला होता. १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने तो फ्रेंचांकडून घेतला आणि उद्ध्वस्त केला. त्या जागी आता पंचतारांकित हॉटेल उभे आहे. गाव मात्र अजून कोळ्यांचेच. एकीकडे चर्च, एकीकडे दर्गा, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी आणि लाटांवर फळी घेऊन झेपावणारी तरुण पोरे.

२०२१ मध्ये इथल्या किनाऱ्याच्या एका भागाला 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. तमिळनाडूतला हा पहिलाच किनारा. त्याच्या निकषांमध्ये स्वच्छ पाणी आणि जीवरक्षक यांच्याबरोबर अपंगांसाठीच्या सोयीही येतात. म्हणूनच आजीला घेऊन जायला हा किनारा निवडण्यासारखा आहे.

हँडल की जॉयस्टिक?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे दुचाकीला मागे दोन जादा चाके लावून अपंग व्यक्ती रस्त्यावर चालवतात, ती ही स्कूटर नव्हे. मोबिलिटी स्कूटर म्हणजे तीन किंवा चार चाकांची, पुढे हँडल आणि वर खुर्ची असलेली, माणसाच्या चालीपेक्षा थोडी जलद जाणारी बॅटरीची गाडी. ती कोणासाठी? जी व्यक्ती उठून उभी राहते, चार पावले चालते, पाठ टेकवल्याशिवाय नीट बसू शकते आणि जिचे दोन्ही हात हँडलपर्यंत पोचतात, तिच्यासाठी. अडचण लांब चालण्याची असेल, तर स्कूटर उत्तम. तिचे आणखी एक सुख आहे. तीवर बसलेला माणूस आजारी दिसत नाही. 'खुर्चीत बसवले' हे शब्दच अनेक आजोबांना लागतात, स्कूटरवर मात्र ते ऐटीत बसतात. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. जे वाहन मनाला पटत नाही, ते अडगळीत जाते.

इलेक्ट्रिक व्हीलचेअर चालते हाताच्या टेकूवरच्या जॉयस्टिकने. ती डाव्या किंवा उजव्या, कोणत्याही एका बाजूला बसवता येते. म्हणजे अर्धांगवायूत एक हात गेला असला, तरी दुसऱ्या हाताने खुर्ची चालते. थोड्या जागेत वळते, जेवणाच्या टेबलाखाली पाय सारून बसता येते, मान-पाठीला आधार जोडता येतो. ज्यांना उभेच राहता येत नाही, त्यांच्यासाठी दुसरा पर्याय शोधण्यात अर्थ नाही. मात्र हाताला फार कंप असेल किंवा नजर अधू असेल, तर दोन्ही वाहनांबाबत आधी फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

आता हे कोवलममध्ये पाहा. हॉटेलच्या बागेतली फरसबंद वाट, किनाऱ्याकडे जाणारा पक्का रस्ता, इथे स्कूटर झकास जाते. खोलीच्या दाराशी मात्र तिची अडचण सुरू होते. लांबट असल्यामुळे ती पलंग आणि कपाट यांच्यामध्ये वळत नाही, बाथरूमपाशी तर आजीला उतरावेच लागते. व्हीलचेअर तिथवर जाते, पण तिची रुंदी साधारण दोन फूट आणि कितीतरी बाथरूमची दारेही जवळपास तेवढीच, त्यात पुन्हा उंबरठा. तेव्हा हॉटेलला फोन करताना 'सोय आहे का?' असे विचारू नका, 'आहे' हेच उत्तर मिळेल. दार उघडल्यावर मोकळी जागा किती इंच राहते, ते टेपने मोजून सांगा, असे म्हणा.

ईस्ट कोस्ट रोडवर गाड्या सुसाट जातात. तिथे दोन्हींपैकी काहीही घेऊन जाऊ नये.

वाळूपुढे दोन्ही थकतात

खरी गंमत पुढे आहे. कोरड्या वाळूत स्कूटरही रुतते आणि व्हीलचेअरही. वजन जास्त आणि चाके अरुंद, शिवाय रुतलेली चाके फिरवताना मोटारीवर ताण येतो. वाळूचे कण चाकांच्या सांध्यांत शिरतात आणि खाऱ्या हवेने बॅटरीची जोडणी गंजते. पाण्याजवळची ओली वाळू टणक असते हे खरे, पण तिथवर पोचायचे कसे?

याला उपाय दोन. एक, वाळूवर टाकलेली लाकडी वाट. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २७ नोव्हेंबर २०२२ रोजी अपंगांसाठी अशी अडीचशे मीटरहून लांब वाट खुली झाली. दोन आठवडेही झाले नव्हते, तोच ९ डिसेंबरच्या रात्री 'मंदोस' चक्रीवादळ मामल्लपुरमजवळ धडकले आणि तिचा काही भाग उखडला. नंतर ती दुरुस्त झाली. समुद्राकाठच्या सोयींची अशीच सतत राखण करावी लागते. दुसरा उपाय म्हणजे फुगीर, फुग्यासारख्या चाकांची किनाऱ्यावरची व्हीलचेअर. तिला मोटार नसते, कोणीतरी ढकलावी लागते. ती त्या दिवशी मिळेल का, हे आधी विचारून ठेवावे. मिळाली, तर आपले महागडे वाहन पक्क्या वाटेवरच ठेवून आजीला तीत बसवावे.

चेन्नईने काढलेली वाट

स्कूटर की व्हीलचेअर, या वादावर चेन्नईतच एक निराळे उत्तर निघाले आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्राध्यापिका सुजाता श्रीनिवासन यांच्या गटाने 'निओमोशन' या कंपनीबरोबर हाताने ढकलायची 'निओफ्लाय' व्हीलचेअर आणि तिला पुढून जोडायचा मोटारीचा भाग 'निओबोल्ट' तयार केला. २०२१ मध्ये ही जोडी बाजारात आली. घरात साधी खुर्ची, बाहेर पडताना पुढे चाक आणि हँडल जोडले की तिचाकी स्कूटर. वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि एका चार्जमध्ये जवळपास तेवढेच अंतर. तेव्हा खुर्चीची किंमत सुमारे ४० हजार रुपये आणि जोडभागाची सुमारे ५५ हजार होती. कमरेखाली अधू, पण हात धडधाकट असलेल्या तरुणासाठी ही सोय मोलाची. मात्र एक हात गेलेल्या आजीला ती उपयोगाची नाही, तिला जॉयस्टिकच हवी.

विमानात बॅटरी

मुंबई-पुण्याहून विमानाने जाणार असाल, तर तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी कंपनीला वाहनाची आणि बॅटरीची माहिती द्यावी. काढता येणारी लिथियम बॅटरी असेल, तर तिची मर्यादा ३०० वॉट-अवर. हिशेब सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरची बॅटरी २८८ भरते, म्हणजे चालते. २० अँपिअर-अवरची असेल तर ४८०, म्हणजे अडते. दोन बॅटऱ्या असतील, तर प्रत्येकी १६० पर्यंतच. अशी काढलेली बॅटरी सामानात न देता केबिनमध्ये सोबत न्यायची असते. वाहन विकत घेताना हा आकडा दुकानातच पाहून घ्यावा. घरातल्या मंडळींचे लक्ष बहुधा ते डिकीत मावते का याकडेच असते. आजीला मात्र कोणी त्यावर बसवूनही पाहत नाही. दुकानदाराला वाहन घरी आणायला सांगून तिला स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत स्वतः चालवू द्यावे.

कोकणच्या किनाऱ्यावर आपण सूर्य बुडताना पाहतो, कोवलमला तो समुद्रातून वर येतो. तो पाहायला पहाटेच निघायचे, तर बॅटरी आदल्या रात्री झोपण्यापूर्वी चार्जला लावायची आणि परत आल्यावर चाकांवरचे मीठ ओल्या फडक्याने पुसून काढायचे.