आधी काट्यावर घाल

बरेच शनिवार झाले इथे काही लिहून. कारण विचाराल तर मी गाडीखाली होतो. अक्षरशः. पाठीखाली जुना पुठ्ठा, तोंडात टॉर्च, आणि दर दोन मिनिटांनी डोळ्यात पडणारी माती. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मी जेवढं ग्रीस पाहिलं नसेल तेवढं या दोन महिन्यांत शर्टाला पुसलं.

तर झालं असं. २०२३ च्या उन्हाळ्यात मी आणि एका मित्राने अर्धे-अर्धे पैसे घालून एक जुनं मोटरहोम घेतलं. फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेलं, २४ फुटी, २०१२ सालचं. आत शेगडी, फ्रिज, बाथरूम, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायला माळा. इथे याला क्लास सी म्हणतात. कॅलिफोर्नियात हे प्रकरण साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येतं. तेव्हा मला ही सोय वाटली होती. आता विचार केला की घाम फुटतो.

पहिली मोठी ट्रिप, फ्रीमाँटहून ग्रँड कॅन्यन. बेकर्सफील्ड मागे टाकून हायवे ५८ ने टेहाचापीचा घाट चढलो. ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना माहीत आहे, डोंगरभर पवनचक्क्या उभ्या आहेत. पवनचक्क्या कुठे लावतात? जिथे वारा असतो तिथे. हे साधं लॉजिक मला घाट उतरताना सुचलं. शेजारून एक अठरा चाकी ट्रक गेला. आधी त्याच्या पुढच्या हवेने आम्हाला उजवीकडे ढकललं, मग तो अर्धा पुढे गेल्यावर त्याच्याच अंगावर ओढलं. मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, गाडीने ते अर्ध्या सेकंदाने ऐकलं, आणि तोवर वाऱ्याचा दुसरा झोत आला. पुढचे काही सेकंद मी गाडी चालवत नव्हतो, गाडी मला चालवत होती.

काही झालं नाही. पण बायको बार्स्टो येईपर्यंत, म्हणजे सत्तरेक मैल, एक शब्द बोलली नाही. माझ्या बायकोला ओळखणाऱ्यांना यातलं गांभीर्य कळेल.

परत आल्यावर गाडी स्टोरेजमध्ये लावून टाकली आणि विकायच्या गोष्टी सुरू झाल्या. तेवढ्यात आई-बाबांचा व्हिसा झाला. मे २०२४ मध्ये येणार. आईला ग्रँड कॅन्यन बघायचं होतं, आणि आईच्या मणक्याचं दुखणं असं की एका जागी दोन तास बसली तर उठताना कुणाचा तरी हात लागतो. विमानाने गेलो तरी पुढे कार आलीच. मोटरहोममध्ये निदान तासातासाला थांबून आडवं होता येईल. म्हणजे गाडी विकायची नव्हती, दुरुस्त करायची होती. आणि आता त्यात आई बसणार होती.

मी काय केलं असेल? बरोबर ओळखलंत. एक्सेल शीट केली. नवे शॉकअप, पुढे-मागे जाड अँटी-स्वे बार, मागच्या पाट्यांना मदत म्हणून एअर बॅग, ट्रॅक बार, स्टिअरिंग स्टॅबिलायझर. बेरीज साडेचार हजार डॉलर. कॉलममध्ये "प्रायॉरिटी" पण लिहिली होती. सगळ्यांसमोर "हाय".

आता इथे थोडं बाबांबद्दल. बाबा एसटीत मेकॅनिक होते. एकतीस वर्षं नोकरी केली, सगळी डेपोत. घरी आले की अंगाला डिझेलचा वास यायचा, आणि नखांतलं काळं कधीच जायचं नाही. दहावीला माझे मित्र घरी आले की मला वाटायचं बाबांनी जरा आतच बसावं. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण खोटं का लिहू? पुढे मी इंजिनियर झालो, आणि गंमत म्हणजे डिग्री मिळाल्यापासून मी त्यांना गाडीबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलास का", "पाऊस आहे का", "घे, आईशी बोल".

त्या दिवशी रात्री नऊला, म्हणजे त्यांच्याकडे सकाळी साडेनऊला, व्हिडिओ कॉलवर मी सहज शीट दाखवली. खरं सांगायचं तर दाखवण्यात थोडा रुबाबच होता. त्यांनी चष्मा लावून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"वजन केलंस का?"

"कशाचं?"

"गाडीचं. भरलेल्या गाडीचं. पुढच्या अ‍ॅक्सलवर किती, मागच्यावर किती?"

"नाही."

"टायर कधीचे आहेत?"

"बाबा, टायर एकदम नवे आहेत. नक्षी पूर्ण आहे."

"नक्षी नाही विचारली. साल विचारलं." मग थोडं थांबून म्हणाले, "अरे, आधी काट्यावर घाल. मग काय ते विकत घे."

मी दिवसभर ज्युनियर लोकांना सांगत असतो की आधी प्रोफाइल करा, मग ऑप्टिमाइझ करा. उगाच सर्व्हर वाढवू नका. आणि घरी येऊन मी नेमकं तेच करत होतो.

टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणारा एक लांब नंबर असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. हा पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो, त्यामुळे माझ्या नशिबाने तो आतल्या बाजूला निघाला. म्हणून तो पुठ्ठा आणि टॉर्च. सहाही टायरवर एकच आकडा: १८१२. म्हणजे २०१२ चा अठरावा आठवडा. टायर गाडीबरोबरच आलेले! मोटरहोम वर्षातले बरेच महिने उभंच असतं, त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर उन्हात आणि हवेत म्हातारं होतच राहतं. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, आणि टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा धरतात. आम्ही अकरा वर्षांच्या टायरवर मोजावेच्या वाळवंटातून उन्हाळ्यात गेलो होतो. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही. आज इथे वाचेल. :)

मग वजन. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. गाडी चढवायची, प्रत्येक अ‍ॅक्सलचं वेगळं वजन छापलेला कागद घ्यायचा, थोडेसे डॉलर द्यायचे. पाणी, पेट्रोल, भांडी, गाद्या, सगळं भरून गेलो. दारावरच्या स्टिकरप्रमाणे मर्यादा अशी: पुढे ५,००० पौंड, मागे ९,६००, एकूण १४,५००. कागदावर आलं: पुढे ४,२२०, मागे ९,८६०, एकूण १४,०८०.

एकूण वजन मर्यादेत. मागचा अ‍ॅक्सल मात्र २६० पौंडांनी वर, आणि पुढचा जवळजवळ ८०० पौंडांनी हलका. नुसतं एकूण पाहिलं असतं तर "ऑल टेस्ट्स पास्ड" म्हणून घरी आलो असतो.

बाबांना कागदाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "पाण्याची टाकी कुठे आहे?" टाकी मागच्या चाकांच्याही मागे होती. ४० गॅलन. पाण्याचं वजन गॅलनला सुमारे ८.३ पौंड, म्हणजे तीनशे तीस-पस्तीस पौंड, आणि तेही शेपटीवर. शाळेतली तरफ आठवा. मागचा अ‍ॅक्सल म्हणजे टेकू. टेकूच्या मागे वजन ठेवलं की पुढची बाजू उचलली जाते. ज्या चाकांनी वळायचं तीच चाकं मी हलकी करून ठेवली होती. बाबांच्या भाषेत, "टपावरचं ओझं आणि शेपटीवरचं ओझं, दोन्ही ड्रायव्हरचं वैरी."

टाकी रिकामी करून परत काट्यावर. पुढे ४,३२०, मागे ९,४२०. ३४० पौंड कमी केले, पण मागचा अ‍ॅक्सल ४४० ने हलका झाला आणि पुढचा १०० ने जड. खर्च शून्य. (ट्रिपला जाताना टाकीत आता हात धुण्यापुरतं पाणी ठेवतो. मुक्कामाला पोचल्यावर भरतो.)

त्यानंतर सहा नवे टायर. साइझ तीच, एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज ई. हवा किती भरायची हे मात्र आता वजनावरून ठरवता आलं. आधीच्या दुकानदाराने सगळीकडे डोळे झाकून ८० पीएसआय भरली होती. मागे जोडचाकं आहेत, तिथलं वजन बघता ८० लागतातच. पण पुढच्या एकेका टायरवर २,१६० पौंड येतात. टायरच्या लोड टेबलमध्ये त्याला ६० च्या आसपास पुरतात, थोडी माया ठेवून मी ६५ ठेवले. या एका बदलाने गाडीचा अर्धा खडखडाट गेला. पुढची चाकं आधी दगडासारखी होती, रस्त्यावरचा प्रत्येक सांधा थेट मणक्यात. म्हणजे आईच्या पाठीवरचा पहिला उपाय फुकट होता.

आता "राइड" आणि "हँडलिंग" हे दोन वेगळे बग आहेत, हे मला इथे कळलं. स्प्रिंग वजन उचलते. शॉकअप स्प्रिंगचं उसळणं थांबवतो. स्वे बार गाडीला एका बाजूला कलू देत नाही, पण दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर तो काहीच करत नाही. आणि एकच चाक गेलं तर उलट तो धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचवतो. म्हणजे जाड बार लावला की गाडी वळणावर शहाण्यासारखी वागते, पण वेड्यावाकड्या रस्त्यावर डोकी जास्त हलतात. सगळं "हाय प्रायॉरिटी" करून चालत नाही.

म्हणून एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक वेळी ऑल्टामाँट पासला चक्कर मारायची, असं ठरवलं. तिथेही पवनचक्क्या आहेत, आणि ट्रक तर आहेतच.

आधी चारही शॉकअप बदलले. मूळचे काढून हाताने दाबले तर दोन परत वरच आले नाहीत. मग अलाइनमेंट, तीही सामान भरलेल्या गाडीची. इथे सगळ्यात मोठा फरक पडला. कॅस्टर नावाचा एक कोन असतो. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा पुढच्या चाकाचा वळण्याचा अक्ष किती कललेला आहे, तो हा कोन. जितका मागे, तितकं चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. आमचा एका बाजूला तीन अंशांच्याही खाली होता. फोर्डच्या या पुढच्या ट्विन आय-बीममध्ये तो बदलायला नटबोल्ट फिरवून भागत नाही, वेगळी बुशिंग घालावी लागतात, म्हणून बरीच दुकानं ते करतच नाहीत. ट्रकचं काम करणाऱ्या एका दुकानाने केलं, पाच अंशांपर्यंत नेलं. परत येताना मी स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून बसलो होतो. दोन बोटं!

शेवटी फक्त मागे एक जाड स्वे बार. एअर बॅग घेतल्या नाहीत. बाबा म्हणाले, "उंट वाकला म्हणून खाली उशी लावायची, का ओझं काढायचं?" बरोबर होतं. एअर बॅगने शेपटी वर दिसते, पण अ‍ॅक्सलची आणि टायरची मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही. शीटमधल्या साडेचार हजारांपैकी दोन हजार वाचले आणि गाडी जास्त चांगली झाली.

मे महिन्यात आई-बाबा आले. जेट लॅग उतरायच्या आत बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. हातात पान्याचा दांडा, एकेक टायर वाजवून बघितला. आतल्या जोडटायरपाशी वाकले तेव्हा मी नको म्हणत होतो, पण त्यांनी ऐकलं नाही. शेजारचा अमेरिकन बघत होता. मला लाज वाटली नाही. इतकंच सांगतो.

आईची जागाही त्यांनीच ठरवली. मी मागच्या बेडजवळ बसवणार होतो, प्रशस्त म्हणून. "एसटीच्या शेवटच्या बाकावर कधी बसलायस ना?" एवढंच म्हणाले. दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये असलेल्या टेबलापाशी, तोंड पुढे करून, बेल्ट लावून आई बसली.

टेहाचापी आलं. वारा होताच. डावीकडून ट्रक आला, मी नकळत श्वास रोखला. गाडी थोडी हलली, आणि सरळ झाली. आपणहून. बायकोने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि परत फोनमध्ये डोकं घातलं. आई झोपली होती.

बाबा शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं तेही झोपले. थोड्या वेळाने तसेच डोळे मिटून म्हणाले,

"मागचा डावा पाटा जरासा बसलाय. घरी गेल्यावर बघू."

"बघू" म्हणाले. "बघ" नाही.

असो. या शनिवारी परत पुठ्ठा काढलाय. आणि तुमच्याकडे मोटरहोम असो नाहीतर साधी कार, एकदा टायरवरचे ते शेवटचे चार आकडे वाचून या. मग बोलू.